आईच्याच हातात तापणारी गाडी

गाडीच्या तापमानाचा काटा अर्ध्यावर होता तोपर्यंत माझं बरं चाललं होतं. तो अर्ध्याच्या जरासा वर सरकला आणि मी मागच्या सीटवरून उठून पुढच्या दोन सीटच्या मधे डोकं घातलं.

"आई, काटा."

"दिसतोय मला."

"अगं, चढतोय!"

"दिसतोय म्हटलं ना!"

"दोघी गप्प बसा आणि मागे बघा," आत्या ओरडली.

आत्याकडे लायसन्स आहे. तिनं ते काढलं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता आणि त्यानंतर तिनं गाडी चालवल्याचं कोणीही बघितलेलं नाही. पण शिकाऊ माणसाच्या शेजारी लायसन्सवालं कोणीतरी लागतं, म्हणून आत्या बसते. एका हातानं दारावरची दांडी धरून, दुसऱ्या हातात पर्स आवळून, आणि दोन्ही पायांनी तिच्या बाजूला नसलेले ब्रेक दाबत.

आई रिव्हर्स घेत होती. बंद गोदामामागच्या मैदानात बाबांनी गॅरेजमधले जुने टायर मांडून दिले होते आणि त्यांच्या मधून नागमोडी वळणं घेत गाडी मागे न्यायची होती. परीक्षेत हेच असतं. आणि आईला ते जमायला लागलं होतं, खरंच! पण काटा हलला की तिचे डोळे आरशातून निघायचे ते थेट काट्याला जाऊन चिकटायचे. मग टायर आडवा. मग आत्याची किंकाळी. मग इंजिन बंद.

तसंच झालं. सगळ्या काचा खाली होत्या, वाऱ्यानं माझे केस माझ्याच तोंडात जात होते, आणि अचानक सगळं थांबल्यावर ते तोंडातच राहिले. बोनेटच्या फटीतून वाफेची एक बारीक शेपटी वर आली.

आईनं स्टीअरिंगवरून हात उचलले, जसं काही तेच तापलं होतं.

"झालं," ती म्हणाली. "परत."

परीक्षा उद्या सकाळी होती.

आता आईचं सांगते, नाहीतर कळणार नाही की मी इतकी का तडफडत होते. आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. माझ्या आठवणीत ती कायम एका खिडकीमागे बसलेली आहे, लोकांच्या शिरा शोधत. ज्यांची शीर कोणालाच सापडत नाही त्यांना आईकडे पाठवतात. आता लॅबनं घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं काम सुरू केलंय, गावाबाहेरच्या वस्त्यांमधल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी. कोण जाणार, असं विचारलं तेव्हा आईनं हात वर केला. माझ्या आईनं! जी लग्नाच्या पंगतीत मीठसुद्धा मागत नाही! गाडी लॅबची, पण लायसन्स आपलं हवं, आणि ते या आठवड्यात हवं. नाहीतर काम दुसरीला. आणि ती दुसरी तयारच बसलीये, तिला गाडी चालवता येते आणि शिरा सापडत नाहीत.

बाबा स्कूटरवरून आले, पाण्याचा कॅन पायाशी घेऊन. बाबांचं स्वतःचं गॅरेज आहे. म्हणजे आमच्याच घरच्या गाडीनं असं नाक कापावं हे त्यांना किती झोंबत असेल बघा. गाडीला ते बाईसाहेब म्हणतात.

"काय म्हणतायत बाईसाहेब?"

"ताप चढलाय," आत्या म्हणाली. "मलाही चढेल आता."

बाबा इंजिन निवायची वाट बघत उभे राहिले. तापलेलं झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं, म्हणून ते कधीच घाई करत नाहीत. मी मात्र गाडीभोवती फेऱ्या मारत होते. मला असं थांबता येत नाही. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरी देतानाही चाचरायचे, पण यंदा वादविवादाच्या संघात घुसले आणि तेव्हापासून माझ्या घशाला कुलूपच नाही. आत्या मला भोंगा म्हणते. म्हणू दे.

"बाबा, थर्मोस्टॅट?"

"बदललाय. मागच्याच आठवड्यात."

"मग रेडिएटर तुंबला असेल."

"धुतलाय."

"झाकण?"

"नवीन आहे."

"पाण्याचा पंप? गळती? आत हवा अडकली असेल! किंवा हेडचं गॅस्केट!"

"अगं, गॅस्केट गेलं असतं तर पाण्यात बुडबुडे आले असते. एक बुडबुडा नाही. पंप बघितला, पाइप बघितले, हवा काढली, नवीन कूलंट भरलं. आता मीच आत जाऊन बसायचा राहिलोय."

"आणि फॅन?"

"फॅन माझ्या या डोळ्यांनी बघितलाय. गरगर फिरतो."

मग इंजिन निवलं तसं पाणी भरून ते गाडीत बसले, आम्हीही बसलो. स्कूटर तिथेच राहिली, संध्याकाळी नेऊ म्हणाले. त्यांनी किल्ली फिरवली, काचा वर केल्या, एसी लावला, रुमालानं मान पुसली आणि आम्ही निघालो. सिग्नल लागले, गर्दी लागली, रेल्वेच्या फाटकापाशी तर गाडी नुसती उभी होती. काटा? अर्ध्यावर. हाताची घडी घालून पहिल्या बाकावर बसलेल्या मुलीसारखा.

"बघ," बाबा म्हणाले. आईला उद्देशून, पण आईकडे न बघता.

"गाडीलाही हात ओळखू येतो हो," आत्या म्हणाली.

आई खिडकीबाहेर बघत होती.

"तसं काही नसतं, ताई," बाबा म्हणाले, आणि मला वाटलं आता ते आईच्या बाजूनं बोलतील. पण त्यांच्यातला मेकॅनिक बोलला. "नवशिक्या माणसाचा पाय क्लचवरून उठत नाही. अर्धा क्लच दाबून गाडी खेळवत राहिलं, की इंजिन ओढत राहतं आणि तापतं. सवयीनं जाईल."

"उद्यापर्यंत?" आईनं विचारलं.

एसीचा गार झोत तेवढा माझ्या गुडघ्यांवर येत होता.

घरी आल्यावर आईनं उद्यासाठी काढून ठेवलेला निळा कुर्ता परत कपाटात ठेवला. हँगरला लावून, वरचं बटण लावून, अगदी नीट. मला ते बघवेना.

"आई, तो कशाला ठेवतेस?"

"उद्या नाही जात मी."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही जात. उद्या त्या साहेबांसमोर वाफ निघाली तर? लॅबची गाडी कुठल्या तरी वस्तीच्या रस्त्यावर बंद पाडली तर? डबीत रक्ताच्या नळ्या आणि मी रस्त्याच्या कडेला. काम करायचं तर नीट करावं. माझ्या हातात गाडी तापते, तर तापते. त्यात रडायचं काय?"

ती रडत नव्हती. तेच तर वाईट होतं. ती लसूण सोलायला बसली आणि इतका लसूण सोलला की आत्या म्हणाली, "अगं, किती माणसं येणार आहेत जेवायला?"

माझा अभ्यास होणं शक्यच नव्हतं. मी टेबलाभोवती फिरले, बाल्कनीत गेले, परत आले, पेनचं टोपण चावून चपटं केलं. आमच्या सायन्सच्या बाई म्हणतात, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, नाहीतर तो प्रयोग नाही, गोंधळ आहे. मग हा काय होता? आई मैदानात चालवणार, बाबा रस्त्यावर चालवणार. आई पहिल्या गिअरमध्ये, बाबा मनाला येईल त्या गिअरमध्ये. आणि सगळ्यांनी बोट दाखवलं ते एकाच गोष्टीकडे, आईकडे!

मी गॅरेजचे कपडे बदलत असलेल्या बाबांच्या दारावर धाडधाड हात मारला.

"बाबा, मैदानात तुम्ही गाडी चालवायची! त्याच टायरांमधून. तशीच हळू. पहिल्या गिअरमध्ये, मागे-पुढे मागे-पुढे."

"आता?"

"स्कूटर आणायला जायचंच आहे ना?" मी म्हटलं.

"आणि जे होईल ते मान्य करायचं," मी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले. "सगळ्यांनी!"

"हा भोंगा एक दिवस बहिरं करणार मला," आत्या म्हणाली, पण तिनं चपला घातल्या. आई येत नव्हती. मी तिच्या हातातली सुरी काढून घेतली, तिच्या ओल्या हाताला धरून तिला ओढतच खाली नेलं.

मैदानात उजेड अजून होता, पिवळसर, सावल्या लांब झालेल्या. बाबा चालवायला, आत्या शेजारी, आम्ही दोघी मागे. बाबांनी टायरांमधून गाडी मागे नेली, पुढे आणली, परत मागे नेली. क्लच मुद्दाम अर्धा दाबून धरला, इंजिन कण्हत होतं. मी काट्याकडे बघत होते आणि माझं एक मन ओरडत होतं, चढ ना रे! एकदा चढ! आपल्याच गाडीला ताप यावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते.

काटा अर्ध्यावर.

आणखी एक फेरी. आणखी एक. बाबा हळूहळू कमी बोलायला लागले. त्यांनाही हे नको होतं, मला आरशात दिसत होतं. शेवटी त्यांनी गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं.

"तर असं आहे," ते हळूच म्हणाले.

आईनं मान हलवली. "मग मान्य."

मला घाम फुटायला हवा होता. पण उलट झालं, अंगावर काटा आला. आणि तो भीतीनं नव्हे हो, थंडीनं! माझ्या दंडांवरचे बारीक केस उभे राहिले होते. मी दंड चोळले. आणि चोळता चोळता थांबले. आई चालवते तेव्हा मला या गाडीत कधी थंडी वाजलीये? कधीच नाही. आई चालवते तेव्हा माझे केस तोंडात जातात.

"बाबा, एसी बंद करा."

"का गं? शिजून निघू."

"बंद करा! काचा खाली करा! आई चालवते तेव्हा असंच असतं!"

"हो, मग? मीच सांगितलंय तिला. गिअर कानानं बदलायचा. रेडिओ बंद, एसी बंद, काचा खाली, इंजिन काय म्हणतंय ते ऐकायचं. शिकताना असंच—"

"तुम्ही चालवता तेव्हा?"

"मी दिवसभर भट्टीत उभा असतो. गाडीत बसलो की—" बाबा थांबले.

मी पुढे हात घालून बटण दाबलं.

एक आवाज बंद झाला. तो चालू आहे हेही मला तोपर्यंत माहीत नव्हतं. समोरून, बोनेटखालून येणारी घरघर थांबली आणि नुसतं इंजिनच उरलं. काचा खाली गेल्या. आत्या काहीतरी विचारणार होती, आईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

आम्ही बसलो. गाडी जागच्या जागी चालू. गोदामाच्या पत्र्यावर एक कावळा टकटक करत फिरत होता. माझा पाय इतका हलत होता की आत्याची सीट थरथरत होती आणि ती एकदाही ओरडली नाही.

काटा हलला.

"हलला!" मी किंचाळले.

अर्ध्याच्या वर. आणखी वर. स्टीअरिंगवर बाबांचे हात होते. आईचे नव्हते. आईचे तिच्या मांडीवर होते, एकमेकांत घट्ट अडकवलेले.

बाबा उतरले, बोनेट उघडलं. आम्हीही धावलो. आतून गरम वाऱ्याचा लोट आला. रेडिएटरमागचा फॅन चित्रात काढल्यासारखा स्तब्ध होता.

"आत जा," बाबा मला म्हणाले, "आणि एसी लाव."

मी लावला. फॅन फिरला. बंद केला. थांबला.

बाबांनी कपाळाला हात लावला, तो काळ्या बोटांसकट. मग ते खाली वाकले, रेडिएटरच्या बुडाशी चिंध्या गुंडाळलेला हात घातला आणि एका लहानशा पितळी बोंडावरचं कनेक्शन खेचून काढलं. खिशातून तारेचा तुकडा काढला, दोन टोकं जोडली. फॅन धडधडत सुरू झाला, एसीशिवाय.

"हा स्विच मेलाय," ते म्हणाले. "पाणी तापलं की फॅनला हाक मारणं याचं काम. एसी लावला की फॅन दुसऱ्या वाटेनं सुरू होतो, याला कोणी विचारतच नाही. मी चालवतो तेव्हा एसी चालू. फॅन तपासला तेव्हाही आत बसून बघितला. एसी..."

"चालू," आत्यानं पूर्ण केलं. "माझा भाऊ मेकॅनिक आहे, असं मी लोकांना सांगते."

"ताई, जखमेवर मीठ चोळू नकोस."

मी उड्या मारत होते. मला वाटलं होतं, आता आई हसेल. ती हसली नाही. ती फॅनकडे बघत उभी होती.

"म्हणजे मी तुम्ही सांगितलं तसंच करत होते," ती म्हणाली.

"हो."

"तंतोतंत. म्हणून तापत होती."

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात, माझा पाय."

बाबांनी चिंधीला हात पुसले. फॅनची धडधड चालू होती. "चुकलो," ते म्हणाले. "इतकं सगळं खोललं, पण तुझ्या जागी बसून बघितलं नाही. नवा स्विच उद्या दुकान उघडेपर्यंत मिळणार नाही. पण ही तार टिकेल. फक्त गाडी बंद केली की तार काढायची, नाहीतर फॅन फिरत राहील आणि बॅटरी बसेल."

"ते काम माझं!" मी म्हटलं.

उद्याचं काय, हे आईला विचारायची कोणाची छाती होईना, माझीसुद्धा. मग तिनं बाबांसमोर हात पसरला.

"किल्ली द्या. तुम्हाला स्कूटर न्यायचीये ना."

घरापर्यंत तिनं चालवली. फाटकापाशी गाडी उभी राहिली तेव्हा मी सवयीनं डोकं पुढे घातलं. आई आरशात बघत होती, मागून स्कूटरवरून येणाऱ्या बाबांकडे. काट्याकडे तिनं बघितलंच नाही. घरी आल्यावर निळा कुर्ता बाहेर आला, आणि इस्त्रीसाठी मलाच हाक आली.

सकाळी परीक्षेच्या मैदानावर रांग होती. आम्ही तारेच्या कुंपणाबाहेर, आई आत. आईचा नंबर आला तसं मी कुंपणाच्या फटीतून आत घुसले, बोनेट उघडलं, तार जोडली. फॅन गर्जना करत सुरू झाला. हातात यादी घेतलेले परीक्षक साहेब दचकून मागे सरकले.

"हे काय? गाडी बिघडलेली आहे?"

बिघडलेली गाडी परत पाठवतात. कुंपणापलीकडे बाबा पुढे झाले, पण त्यांच्या आधी आई बोलली. त्याच आवाजात, ज्यात ती लोकांना मूठ आवळा म्हणते.

"गाडी ठीक आहे साहेब. फॅनचा स्विच गेलाय, म्हणून फॅन कायम चालू ठेवलाय. जास्त गार राहील, तापणार नाही. आवाज तेवढा होईल. ब्रेक, दिवे, सगळं बघून घ्या."

साहेबांनी ब्रेक बघितले, दिवे बघितले. मग माझ्याकडे बघितलं.

"आणि ही कोण?"

"तार काढायला आलीये," आई म्हणाली आणि गाडीत बसली. साहेब तिच्या शेजारी बसले.

पुढचं मी नीट बघितलंच नाही. म्हणजे बघत होते, पण आत्यानं माझा दंड इतका आवळला होता की डोळ्यांत पाणी आलं. बाबा कुंपणाची तार वाकवत होते. गाडी खांबांमधून मागे निघाली, पहिलं वळण, दुसरं. मधे ती थांबली, इतका वेळ थांबली की आत्याचे पाय जमिनीवर ब्रेक शोधायला लागले. मग कळलं, आईनं मान पूर्ण मागे वळवली होती आणि ती शांतपणे बघून घेत होती, शीर शोधताना बघते तशी. शेवटचं वळण. एकही खांब हलला नाही.

साहेबांनी खिडकीतूनच अंगठा वर केला. मी जी बोंब ठोकली ती ऐकून रांगेतल्या एका काकांचं इंजिन बंद पडलं. त्यांची माफी मागते इथेच.

परत निघताना बाबा सवयीनं चालवायच्या दाराकडे गेले. आई तिथे आधीच बसलेली होती. आत्या म्हणाली, "आता माझं काय काम?" आणि पर्स घेऊन आनंदानं मागे, माझ्या शेजारी आली. बाबा पुढे बसले, डाव्या हाताचं काय करायचं ते न कळून त्यांनी रुमाल काढला, मान पुसली, आणि बोट आपोआप एसीच्या बटणाकडे गेलं.

"राहू दे," आई म्हणाली. "मला ऐकायचंय."

तिनं सगळ्या काचा खाली केल्या. माझे केस माझ्या तोंडात गेले, आणि मी ते तसेच राहू दिले.